अर्ध्या विणलेल्या डोक्याची पोर

मी स्टूल बोलतोय. नाक मुरडू नका. आमच्या कुमासी शहरात स्टुलाचा मान काय असतो ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माणसाचा जीव त्याच्या स्टुलात वसतो असं इथं मानतात. म्हणून उठताना मला आडवं करून ठेवायचं, नाहीतर रिकामी जागा बघून भलतंच काहीतरी येऊन बसतं.

मला म्हाताऱ्या बोआदूनं घडवलं, सेसे नावाच्या झाडाच्या पांढऱ्या लाकडातून. झाड तोडायच्या आधी त्यानं बुंध्यावर अंडं फोडलं आणि झाडाची माफी मागितली. सगळा मी एकाच ओंडक्यातून निघालो. खिळा नाही, सांधा नाही. जायचा होतो एका सरदाराच्या घरी. पण वाळताना तळाला बोटभर चीर गेली आणि सरदाराच्या माणसानं मला पायानं बाजूला सारलं. पायानं! अजून विसरलेलो नाही.

मग मला मॅडम डुफिएनं उचललं. बाजाराच्या वरच्या अंगाला, पत्र्याखाली, तिचं केस विणायचं दुकान होतं. सुरुवातीला मी फार रुसलो. कुठं सरदाराचं घर आणि कुठं हे! अंगावर तेलाचे डाग, पायाशी केसांची गुंतवळ, समोर तळलेल्या केळ्यांचा धूर.

पण तिथंच माझं नशीब उघडलं. विणून घेणारी माझ्यावर बसते, विणणारी मागं खुर्चीवर. दोघींची तोंडं एकाच दिशेला. डोळ्याला डोळा नाही, हात कामात, आणि बारीक वेण्या म्हटलं की पाच-सहा तास कुठं जात नाहीत. अशा वेळी माणूस बोलतं. जे आईला सांगितलं नाही ते बोलतं. म्हणूनच दवाखान्यातली नर्स मॅडमकडे आली होती. म्हणाली, "पोरी आमच्यासमोर गप्प बसतात आणि तुमच्या हाताखाली मोकळ्या होतात. कसं ऐकायचं, काय विचारायचं, ते तरी शिकून घ्या." मॅडम चार महिने दर मंगळवारी तिच्याकडे जाऊन शिकली.

मग आमच्याकडे सेर्वा आली. एकोणीस वर्षांची, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास. मावशीनं काम शिकायला आणून सोडली. पहिल्या दिवशी माझ्यावर बसली तेव्हा मला वजनच लागेना. नुसती काठावर टेकलेली, उठायच्या तयारीत. एवढी तरणी पोर, पण जेवण नाही, झोप नाही, कुणी हाक मारली तर दचकायची.

एके दिवशी मॅडम तिचंच डोकं विणत होती. डावी बाजू झालेली, उजवी मोकळी. तेवढ्यात बोआतेमा मावशी आली, हीच ती आणून सोडणारी. चार गिऱ्हाइकांसमोर सुरू झाली, "बारा वर्षं शाळेत घातली. काय आणलं? भोपळा! आता कंगवा तरी नीट धरतेय का? बसलीय बघा महाराणीसारखी!"

सेर्वा उठली आणि पळाली. तशीच, अर्ध्या डोक्यानं. मी उभाच राहिलो. पोकुआ, दुकानातली दुसरी शिकाऊ पोर, छातीला हात लावून म्हणाली, "अगं बाई, हिनं स्टूल आडवं नाही केलं!"

दुसऱ्या दिवशी सेर्वा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडमनं दुपारी दुकान पोकुआवर सोडलं, मला डोक्यावर घेतलं, कमरेला कंगवा खोचला आणि निघाली. भर बाजारातून, बायका हसताहेत, "मॅडम, दुकान हलवलं की काय?"

"दुकान नाही, गिऱ्हाईक हललंय!"

सेर्वाच्या दाराशी तिनं मला मांडलं. दार बंद.

"सेर्वा, तुझं डोकं विणायचं अर्धं राहिलंय माझं."

मॅडमनं कंगव्यानं दार ठोठावलं.

"लोक म्हणतील डुफिएला विणता येत नाही. माझी अब्रू तुझ्या डोक्यावर आहे, बाई."

मग कडी वाजली. पोर बाहेर येऊन बसली आणि मॅडमनं उजवी बाजू हातात घेतली. दोन-तीन वेण्या झाल्यावर साध्या आवाजात विचारलं, नर्सनं शिकवलं होतं तसं, आडवळण न घेता, "पोरी, मरून जावंसं वाटतं का तुला?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस," मॅडम म्हणाली. ओरडली नाही, देवाधर्माचं सांगितलं नाही. "आता हे एकटीनं उचलायचं नाही." उरलेल्या केसांवर फडकं बांधलं आणि त्याच पावली तिला नर्सकडे घेऊन गेली.

औषधपाणी दवाखान्यानं पाहिलं. बाकीचं आमच्या पत्र्याखाली झालं. मॅडम म्हणायची, "सगळं डोकं एकदम विणता येतं का? आधी भांग पाड. एक भाग हातात घे, बाकीचे चिमट्यात अडकव. ते पळून जात नाहीत. आज कुठला भाग?"

"झोप."

मग आठवडाभर नुसती झोप. ठरल्या वेळी उठायचं, अंगण झाडायचं, दुपारी लोळायचं नाही. गणित चिमट्यात. पुढच्या आठवड्यात जेवण.

मावशीचा भाग सगळ्यात शेवटी. त्याची तर तालीम केली! पोकुआ कमरेवर हात ठेवून, नाक फुगवून मावशी झाली, "काय गं महाराणी!" सेर्वाला हसूच आवरेना. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. चौथ्या दिवशी फुटला. दहाव्या दिवशी आवाज कापायचा थांबला.

खरी मावशी आली तेव्हा दुकान भरलेलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि सेर्वा कंगवा खाली ठेवून म्हणाली, "मावशी, माझं काय चुकलं ते घरी सांग, मी ऐकेन. इथं चारचौघांत नको. मी आजारी होते. आता बरी होतेय."

मावशीनं उघडलेलं तोंड मिटलं. मग मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "बसायला जागा आहे का? माझेही केस विस्कटलेत." आणि बसली. काय वजन बाईचं! चीर करकरली, पण मी हूं की चूं केलं नाही. सेर्वानं भांग पाडला. अगदी सरळ.

आता चिरीला तार बांधलीय. माझा मधला भाग बसून बसून गुळगुळीत झालाय. सरदाराच्या घरी गेलो असतो तर नुसता शोभेला राहिलो असतो. इथं माझ्यावर बसून माणसं पुन्हा उभी राहिली. सांगताना माझी छाती फुगते, फुगू द्या.

तुमच्या घरात एखादी पोर, एखादा पोरगा असा काठावर टेकून बसला असेल तर समोर उभं राहून जाब विचारू नका. मागं बसा, हाताला काम द्या, ऐका. त्रास जास्त वाटला तर दवाखान्यात सोबत जा. एवढंच मागणं.

आता पुरे करतो, कुणीतरी बसायला येतंय. परवाच दाराशी एका मासळीवालीनं बोआतेमा मावशीला हटकलं, "काय वेण्या घातल्यात गं! कुणी घातल्या?"

"कुणी म्हणजे? माझ्या सेर्वानं," मावशी म्हणाली. "आणि हळू बोल जरा. पोर काम करतेय."