हळदपेठेतली सून

सांगलीच्या हळदपेठेत जयपाल मगदूम सौदा बोलू लागले, की दोन गाळ्यांपलीकडचा माणूसही मान वर करायचा. आता मात्र ते शेजारच्या ज्ञानदासमोर मान खाली घालून बसले होते. ज्ञानदा जपानी शिकवायची. आणि जयपालांची सून नात्सुमी त्यांच्या मुलाबरोबर, धवलबरोबर, नागोयाहून पहिल्यांदाच सासरी यायची होती.

"आपलं गाव लय गजबजलेलं हाय, हे तिच्या भाषेत सांगायचंय," ते म्हणाले.

"काका, गजबज आवडत असेल तर निगियाका. तीच डोकं उठवत असेल तर उरुसाई."

"पहिला शब्द दे. दुसरा सांगलीला कशाला?"

"असू द्या जवळ," ज्ञानदा हसून म्हणाली.

नात्सुमी आली. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जयपाल तिला आणि धवलला घेऊन गणपती पेठेत गेले. भांड्यांची दुकानं, हातगाड्या, रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय. त्यांनी घसा खाकरला आणि सगळीकडे हात फिरवून म्हणाले, "सांगली वा निगियाका देस."

नात्सुमीचे डोळे मोठे झाले. तिनं हसून दोनदा मान झुकवली. जयपालांची छाती फुगली. पेठेत आजवर इतका चांगला सौदा आपण केला नसेल, असं त्यांना वाटलं.

धवल केळी घ्यायला मागं थांबला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून लग्नाची वरात वळली. पुढं डॉल्बी. दुकानांची शटरं थरथरू लागली. नात्सुमीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. तिचा बारीक झालेला चेहरा बघून जयपालांना कसंतरीच झालं. पोरगी एवढ्या लांबून आलेली, आणि आपण तिला निगियाका सांगत बसलोय. खरं ते बोलावं म्हणून ते तिच्याकडं वाकले आणि डॉल्बीच्या वर आवाज काढत सौद्याच्या सुरात ओरडले, "उरुसाई!"

नात्सुमी एक पाऊल मागं सरली. कानांवरचे हात खाली आले. तिनं नजर खाली घातली, ती वर केलीच नाही.

धवल केळी घेऊन आला. तो बायकोशी हळू काहीतरी बोलला, मग वडिलांकडं वळला.

"अण्णा, तुम्ही तिला गप बस म्हणालात?"

"मी? मी कवा?"

"उरुसाई असं नुसतं अंगावर ओरडलं, की त्याचा अर्थ तोंड बंद कर असा होतो."

जयपालांनी डॉल्बीकडं हात केला. "आरं, मी त्या डॉल्बीला म्हणालो रं. सांग तिला. तिचा जीव घाबरा झाला म्हणून म्हणालो."

धवलनं सांगितलं. नात्सुमीनं आधी सासऱ्यांकडं बघितलं, मग लांब चाललेल्या डॉल्बीकडं, आणि तोंडावर हात धरून ती हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग ती जयपालांच्या शेजारी, वरातीकडं तोंड करून उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "उरुसाई देस ने."

"ने म्हंजे?"

"आपलं 'न्हाई का'," धवल म्हणाला. "समोरच्यालाही तसंच वाटतंय असं धरून बोलायचं."

"मग ते ज्ञानदानं आधी सांगायचं." जयपालांनी आवाज अगदी खाली आणला. "उरुसाई देस ने."

"हाय," नात्सुमी म्हणाली. जपानीत हाय म्हणजे हो. जयपालांना मात्र वाटलं, पोरगी आपल्यासारखंच बोलायला लागली.

घर जैनांचं; दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं होतं, पण जयपालांनी गाडी नदीकडं घ्यायला लावली. आयर्विन पुलाशी तिघं उतरले. खाली कृष्णा संथ होती, घाटावर कुणी धुणं पिळत होतं. जयपाल काहीतरी सांगायला गेले आणि अडखळले. गावात अशी शांतताही आहे, तिला शब्द लागेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नात्सुमीनं कठड्यावर हात टेकले. "शिझुका," ती म्हणाली.

धवल अर्थ सांगायला निघाला. जयपालांनी हात करून त्याला थांबवलं.

"शिझुका देस ने," ते म्हणाले.

खिशात फोन वाजत होता. घरी बायको सुरेखाबाई ताटं घेऊन खोळंबल्या असणार. जयपालांनी तो तसाच वाजू दिला.