काळजाजवळची डबी

तेर गावच्या उत्तरेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या दंडाला तीन ताईत, पायाला काळा दोरा आणि ट्रॅक्टरला लिंबू-मिरची. देवानं आपल्याला विसरू नये याचा त्यानं चोख बंदोबस्त केला होता. सख्ख्या भावाला, श्रीमंतला, मात्र तो स्वतः सोयीनं विसरला होता. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा वाद तहसीलला गेला होता आणि उत्तरेश्वराला सगळं पाणी हवं होतं.

अशात एसटीतल्या नोकरीतले त्याचे जुने सोबती डॅनियल किहीमकर अलिबागहून मुक्कामाला आले. कोकणातले ज्यू, मराठी आपल्याहून शुद्ध. सकाळी ओसरीवर त्यांनी डाव्या दंडावर काळी चामडी डबी बांधली, पट्टा हातभर गुंडाळला, दुसरी डबी कपाळावर लावली आणि प्रार्थना म्हटली. उत्तरेश्वर बघतच राहिला. एवढा जबरी ताईत त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

हे तेफिलीन, असं किहीमकरांनी समजावलं. आत धर्मग्रंथातली वचनं असतात. एक डबी काळजाजवळ, एक डोक्याजवळ. हात, मन आणि बुद्धी एका देवाच्या आज्ञेत राहावीत म्हणून.

"पण ह्याला मागायचं काय?" उत्तरेश्वरानं विचारलं.

"मागायचं नाही. देव विसरत नाही हो, आपण विसरतो."

असला बिनकामाचा देवधर्म उत्तरेश्वराला पटला नाही, पण डबीवरचं मन उडेना. तहसीलच्या तारखेपुरती ती उसनी मागून पाहिली. किहीमकरांनी हसून नकार दिला. पाहुणे गेल्यावर तो तशीच डबी शिवून घ्यायला बॅगा शिवणाऱ्या धोंडप्पांकडे गेला. आत काय घालायचं, असं त्यांनी विचारलं. त्याला एकच वचन आठवलं. आई मरताना म्हणाली होती, इहिरीचं पाणी दोघांचं, भांडू नगा.

"रिकामीच शिवा," तो म्हणाला.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. गावात डबीचा बोलबाला झाला आणि धोंडप्पांना उसंत मिळेना.

पण विहिरीवरच्या मोटारीच्या बटणाला हात लावला, की दंडावरचा पट्टा आवळायचा आणि आई बोलायची. उत्तरेश्वरानं वैतागून डबी काढून ठेवली. आई थांबली नाही. बांधापलीकडे श्रीमंतची ज्वारी माना टाकत होती.

शेवटी तो बायकोवर, दगडाबाईवर, खेकसला, "श्रीमंतला सांग, आमची मोटार जळलीया. पाणी नुसतं पडून हाय, तू घे म्हणावं."

दगडाबाईनं मोटारीकडे पाहिलं. ती ठणठणीत होती. पदर खोचून दगडाबाई श्रीमंतच्या घराकडे निघाली.