इंदिराबाईंचा ठराव

मंडळाच्या वाचनालयात बायकांना बसून वाचता यावं, एवढाच इंदिराबाईंचा ठराव होता. त्या मुलींच्या शाळेत शिकवत, मंडळाची वर्गणी वेळेवर भरत, पण पुस्तक घ्यायचं तर जिन्यात उभं राहून.

नवं मध्यप्रदेश राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी अध्यक्ष नानासाहेब सभा जुन्या दरबाराच्या रुबाबातच चालवत. पहिल्या सभेत इंदिराबाई उठल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, "विषयपत्रिकेत नाही, इंदिराजी. बिना नोटीस कसं काय घेणार?"

दुसऱ्या सभेसाठी त्यांनी रीतसर नोटीस दिली. महूहून येणाऱ्या, पोस्टात नोकरी करणाऱ्या प्रभावतीबाई अनुमोदन द्यायला तयार होत्या. पण आदल्याच आठवड्यात मंडळाचे जुने सभासद दौलतराव वारले होते. शोकप्रस्ताव झाला, सगळे डोकी खाली घालून उभे राहिले आणि नानासाहेबांनी प्रथेप्रमाणे सभा तहकूब केली. हेच दौलतकाका स्वतःच्या नावावर पुस्तकं घेऊन इंदिराबाईंच्या घरी पोचवत. त्यांच्यासाठी रडावं की चिडावं, हेच इंदिराबाईंना कळेना.

तिसऱ्या सभेत ठराव अखेर मांडला गेला. प्रभावतीबाईंनी अनुमोदन दिलं. विरोधात कोणी बोललं नाही. इंदिराबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच शंकरराव उठले.

"ठराव उत्तम आहे. फक्त छोटीशी उपसूचना. रविवारी दुपारी, आणि सोबत पुरुष सभासद असावा. घरच्यांनाही बरं वाटेल."

"आम्ही स्वतः सभासद आहोत, शंकररावजी," इंदिराबाई म्हणाल्या.

"चर्चा उपसूचनेवर," नानासाहेब म्हणाले. "मूळ ठरावावर तुमचं बोलून झालंय."

उपसूचना मंजूर झाली. मग दुरुस्त ठराव मताला आला, तेव्हा विरोधात दोनच हात वर होते, इंदिराबाईंचा आणि प्रभावतीबाईंचा.

नानासाहेब खरोखरच गोंधळले. "अहो, हा तर तुमचाच ठराव!"

"माझा नाही राहिला तो."

पण इतिवृत्तात 'सौ. इंदिराबाईंचा ठराव बहुमताने संमत' असंच नोंदलं गेलं. बाहेर पडताना लोक त्यांचं अभिनंदन करत होते. कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत दोघी चालत आल्या. प्रभावतीबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आपण हरलो असतो तर बरं होतं. पुन्हा मांडता तरी आला असता."

रविवारची खोली रिकामीच राहू लागली. नोकरदार, संसारी बायका वाचायला बसायचं म्हणून कोणत्या सभासदाच्या मिनतवाऱ्या करणार? पुढच्या वार्षिक सभेत नानासाहेबांनी अहवाल वाचला. बायकांना सवलत देऊनही त्यांना वाचनाची गोडी दिसत नाही, तरी ही सवलत बंद करावी, असं समितीचं मत होतं.

"कोणाचा विरोध?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

इंदिराबाईंना हात वर करायचा होता. पण कशाच्या बाजूने करायचा, हेच त्यांना सुचेना.