पन्नास किलोंची अट

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मित्रांनो, मी आजवर शेकडो माणसांना मरणाच्या दारातून परत आणलं आहे. म्हणजे तसं ते गोळ्यांनी आणलं. मी त्या वेळी कोपऱ्यात उभा होतो.

माझा जन्म एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. खाली पाय ठेवायला चौकोनी पाट, वर छातीएवढ्या उंचीवर गोल तबकडी आणि तिच्यात एक काटा, एवढंच माझं शरीर. सुरुवातीची वर्षं मी कापसाच्या गोदामात काढली. कापूस फार सज्जन. आकडा बघून तो कधी ‘काटा बिघडलाय’ म्हणत नाही. पुढे मला या दवाखान्यात आणलं आणि पांढरा रंग दिला. ही माझी बढती होती. पगार तोच राहिला.

या खोलीत एचआयव्हीची लागण झालेली माणसं येतात. हा विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांनाच खातो. मग साधा खोकलासुद्धा आत शिरून पाय पसरून बसतो. मी आलो तेव्हा इथे त्यावर गोळ्या नव्हत्या. माझा काटा दर महिन्याला थोडा मागे सरकायचा आणि एक दिवस तो माणूस यायचाच बंद व्हायचा. त्या दिवशी सिस्टर माझी तबकडी जरा जास्त वेळ पुसायच्या.

मग गोळ्या आल्या. रोज घ्यायच्या, ठरल्या वेळी, जन्मभर. काटा पुढे जाऊ लागला. गालांचे खड्डे भरले, जिने चढताना लागणारी धाप गेली, माणसं कामावर परतली. एका बाईंनी तर मला वाकून नमस्कार केला. गोळ्यांची बाटली त्यांच्या पिशवीतच होती, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

याच काळात मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. पहिल्या दिवशी एक्केचाळीस किलो भरले, तेही चपलांसकट. सोबत त्यांची थोरली बहीण. तिला सगळा दवाखाना ताई म्हणायचा, तिच्याहून मोठे डॉक्टरसुद्धा. ताईने भावाच्या दुकानाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती.

“पन्नास भरलास की किल्ली देईन,” ती म्हणाली. “तोवर मशीनला हात लावायचा नाही.”

“अगं, हात मशीनवर चालतात, वजनावर नाही.”

“मग हातांचं वजन कर आणि दाखव.”

तीन महिन्यांत ते सेहेचाळीसवर आले. चौथ्या महिन्यात अठ्ठेचाळीस. पाचव्या महिन्यात माझा काटा बरोबर पन्नासवर जाऊन उभा राहिला. ताईचा चेहरा उजळला. तिने पर्स उघडली.

आणि काटा खाली येऊ लागला. एकोणपन्नास आणि वर थोडं. एकोणपन्नास. माणूस डोळ्यांदेखत बारीक होताना मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या पाटाला काहीतरी बारीक, थंड लागत होतं आणि तिथून जमिनीवर सांडत होतं.

सिस्टरांनी वाकून पाहिलं. “मास्तर, तुमच्यातून वाळू गळतेय.”

शर्टाच्या आत मास्तरांनी खास शिवलेलं बनियन निघालं. चारी बाजूंनी छोटे छोटे चोरखिसे, प्रत्येकात वाळू. सिस्टर टाके बघतच राहिल्या. “काय सुंदर हात आहे हो तुमचा!”

“शिवण नाही उसवली,” मास्तर घाईने म्हणाले. “कापड जुनं होतं.”

बनियन काढून ते पुन्हा चढले. पंचेचाळीस. मागच्या महिन्यातले दोन किलोही वाळूचेच होते. आता कुणी हसत नव्हतं. गोळ्या चालू असताना वजन घटतंय, याचा अर्थ या खोलीत सगळ्यांना ठाऊक असतो.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रोज घेता?”

मास्तरांनी जमिनीवरच्या वाळूकडे बघत सांगितलं, “एक दिवसाआड. घेतली की गरगरतं. सुईत दोरा ओवता येत नाही. ओवता आला नाही, तर दुकान उघडून करू काय?”

“अहो, मग सांगायचं! झोपताना घ्या, गरगर झोपेत जाईल. नाहीच जमलं तर गोळी बदलू. पण अशा खाड्यांनी विषाणू गोळीला सरावतो. मग ही गोळी तुमच्या कामाची राहत नाही.”

रक्त तपासायला गेलं. विषाणू भरपूर निघाला. गोळीचा उपयोग अजून होतो की संपला, ते तीन महिने नीट घेतल्यावरच कळणार होतं.

ताईने किल्ली काढून भावाच्या हातावर ठेवली.

“किल्ली हवी होती तर मागायची.”

“मागितली होती.”

“मग भांडायचं होतंस. वाळू कसली शिवतोस!” सिस्टरांनी भावाला दिलेल्या कपातला उरलेला चहा तिने पिऊन टाकला. “उद्यापासून दुकान उघड. पण गोळी रोज रात्री माझ्यासमोर.”

मास्तर इतके घाबरले होते की त्या तीन महिन्यांत त्यांची गोळी एकदाही चुकली नाही. गरगरही दोन-तीन आठवड्यांत ओसरली. पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा विषाणू सापडला नाही. तो गेलेला नव्हता, दबून बसला होता. गोळी थांबली की उठणार. पण ती थांबलेली नाही, आणि मास्तर स्वतःच्या जिवावर पन्नास ओलांडून गेले.

आता माझ्या शेजारी विजेवर चालणारा नवा काटा आला आहे. त्याच्यावर उभं राहिलं की तो आधी थोडा विचार करतो. सेल संपले की मला बोलावतात, एरवी माझ्यावर छत्र्या टांगतात. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, एक सांगतो. औषधाचा त्रास झाला तर तो डॉक्टरांना सांगा. काट्याला फसवणं फार सोपं आहे. मी कापसाला आणि वाळूला सारखाच मान देतो.

मास्तर अजून येतात. गेल्या खेपेला ते ब्याऐंशी भरले. डॉक्टरांनी त्यांना रोज एक तास चालायला सांगितलं आहे आणि साखर बंद केली आहे.