बनवणाऱ्याची सही

सोमवारी सकाळी मंगलनं कम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर लाल चौकट आली: धोकादायक फाईल रोखली आहे. धोकादायक म्हणे! अख्ख्या धारूरात तिच्या नवऱ्याइतका, सोमेश्वरइतका गरीब माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यानं घरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम या नव्या अँटीव्हायरसला चोर वाटला.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं गावोगावच्या हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांची हजेरी रोज तालुक्याच्या या ऑफिसात येते, आणि दर गावाची लिहायची तऱ्हा निराळी. सोमेश्वरचा प्रोग्रॅम ती एका बटणावर जुळवून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकनं त्याला उडवलं. पाठीवरच्या लॅपटॉपचाही चुराडा झाला आणि प्रोग्रॅमचं मूळ लिखाण त्यातच गेलं. ऑफिसात उरली ती फक्त तयार फाईल. अनुकंपावर त्याच्याच खुर्चीत मंगल बसली.

काम संपलं की ती फाईल एक ओळ दाखवायची. सोमेश्वरनं ती स्वतःसाठीच लिहिली होती: 'झालं काम. ऊठ सोमेश्वर, मंगल वाट बघती.' रोज संध्याकाळी मंगल ही ओळ वाचायची, मगच पर्स उचलायची. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तरीही. त्या ओळीचा फोटो काढून ठेवावा असं तिला कधी सुचलं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतं?

दुपारी बीडहून रविराज आला. ऑफिसांचे कम्प्युटर सांभाळणारा, कालपरवाच नोकरीला लागलेला.

"फाईल हाय अजून, मॅडम. निस्ती कोंडून ठेवलीय. फॉर्म भरला की सोडता येती."

मंगलचा जीव भांड्यात पडला. "मग भरा की, साहेब."

"कुणी बनवलीय?"

"आमच्या ह्यांनी."

"त्यांची सही लागंल. बनवणारानं जबाबदारी घ्यायची असती."

"ते न्हाईत आता."

रविराजची बोटं थांबली. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला, दोनदा विनवलं. पोरगं वाईट नव्हतं. पण वरून एकच उत्तर आलं: सही नसेल तर पुसून टाका.

"ताई, हजेरीचं मी दुसरं करून देतो. आजच."

"एकदा चालवू द्या. एकदाच. शेवटी एक ओळ येती."

"न्हाई चालवता येत, ताई. लई वाईट वाटतं, पन माझी नोकरी जाईल."

मंगलनं पुढं आग्रह केला नाही. नोकरी काय गमावून मिळते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

रविराजनं दुसरा कागद पुढं सरकवला. फाईल पुसायला हरकत नाही, असं खुर्चीवरच्या माणसानं लिहून द्यायचं होतं. रोज मस्टरवर लिहायची तसं तिनं पूर्ण नाव लिहिलं: मंगल सोमेश्वर तिडके. मधल्या नावावर पेन अडलं. फाईल सोडवायला ज्याची सही मिळाली नाही, त्याचं नाव ती पुसायच्या कागदावर तिच्याच हातानं आलं होतं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही.

संध्याकाळी नव्या प्रोग्रॅमनं हजेरी बिनचूक जुळवली. शेवटी 'पूर्ण' एवढंच आलं. मंगल पर्स मांडीवर घेऊन तशीच बसली. राधाकिशन शिपाई किल्ल्या घेऊन दोनदा दारात डोकावून गेला, पण तिच्यानं उठवेना. ऊठ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.