अडीच लुगडी वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. नवेगाव बांधच्या एका परसात माझ्यावर कपडे वाळत असतात. दोरी समजून चिमण्याही येऊन बसतात. पण माझ्या पोटातून एकदा गाणं गेलं आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कारखान्यात तांब्याच्या बारीक तारा पिळून मला घडवलं. त्यावर रबर, आणि वरून तपकिरी सुताचं विणकाम. गोंदियाला रामलालच्या दुकानात मी दोन वर्षं धूळ खात पडले होते. शेजारची लालचुटूक, सडपातळ वायर हातोहात खपायची. मला मेलीला हेवा वाटे.

१९५८ च्या दिवाळीनंतर धानाचे शेतकरी खेमराज दुकानात आले. त्यांच्या ओसरीत बॅटरीवरचा रेडिओ होता. येत्या गुरुवारी संध्याकाळी नागपूर केंद्रावर त्यांचा मेहुणा दुलीचंद गाणार होता. पण त्याच्या बहिणीनं, म्हणजे खेमराजांच्या सुमित्राबाईंनी, ते ऐकायचं कसं? ओसरीत सासरे आणि गावची म्हातारी मंडळी बसत. तिथे सुनेनं बसायची रीत नव्हती. म्हणून खेमराजांनी चहाच्या खोक्यात एक जुना स्पीकर बसवला होता. आता ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर हवी होती.

"कितनी चाहिए?" रामलालनं विचारलं.

"अडीच लुगडी. बायकोनं भितीले लुगडं लावून मोजलं."

रामलाल पोट धरून हसला आणि एका लुगड्याचे नऊ वार धरून मोजू लागला. खेमराजांचा हात मात्र लाल वायरीकडे गेला.

"फासला लंबा है, भैया. पतली तार में आवाज रास्ते में ही थक जाएगी," रामलाल म्हणाला आणि मला पुढे केलं.

"हे तं बैलाच्या कासऱ्यावानी हाये!" खेमराज कुरकुरले, पण त्यांनी मलाच घेतलं. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरणार नाही.

घरी त्यांनी विळ्यानं माझी टोकं खरवडली आणि खिळ्याखिळ्यानं मला भिंतीवरून नेलं. स्वयंपाकघर आलं, तरी माझं चारेक वारांचं वेटोळं हातात उरलंच.

"काऊन व, मोजाले चुकली का?" खेमराज तडकले.

"चुकली नाही जी. माहं रोजचंच लुगडं लावलं होतं," सुमित्राबाई हळूच म्हणाल्या. "दोनदा दंड घातला हाये त्याले."

झिजलेला मधला भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. दर वेळी लुगडं आखूड होत गेलं होतं, आणि खेमराजांना पत्ताच नव्हता. त्यांनी माझं वेटोळं उलगडून पुन्हा हातानं मोजलं.

त्या उरलेल्या चार वारांमुळे खोका थेट परसात पोचला. गुरुवारी शेजारच्या शामकला, गीताबाई, साऱ्या तिथे जमल्या. दुलीचंदनं पहिलाच सूर लावला आणि सुमित्राबाई ओरडल्या, "हा माहा दुल्या होय!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मी एकही सूर वाटेत सांडू दिला नाही. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

पुढच्या बाजारी खेमराजांनी नवं लुगडं आणलं, पुरतं नऊ वारांचं.

नंतर उंदरांनी स्पीकरचा कागद कुरतडला आणि मला परसात बांधलं. त्याचं मला दुःख नाही. आता ते लुगडं माझ्यावरच वाळतं. मित्रांनो, वायर घेताना रंगाला भुलू नका. अंतर बघा, जाडी बघा. आणि मोजायला जे हाती घ्याल, तेही एकदा उलगडून बघा.