आवाज मी दाबला नव्हता

मी साऊंड कार्ड बोलतोय. आजवर दुसऱ्यांचेच आवाज पोचवले. आज स्वतःचं सांगतो, कारण माझ्यावर आळ आला होता आणि खोटा आळ मी ऐकून घेत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा जुन्या जालन्यात, नवलकिशोर सेठजींच्या धान्याच्या दुकानात, एका कॉम्प्युटरच्या पोटात होतो. पाच वर्षं मका-सोयाबीनची धूळ खातोय. तक्रार नाही.

या दुकानाची एक रीत आहे. सेठजींचा मुलगा अर्पित तीर्थपुरीच्या खरेदीच्या दुकानात बसतो. सकाळी कॉम्प्युटरवरून त्याला कॉल लागतो, तो संध्याकाळीच बंद होतो. गाडी आली, माल ओला निघाला, सगळं तिथल्या तिथे कळतं. कोणी बोलत नसलं तरी कॉल चालूच. "कॉल कापला की गिऱ्हाईक कापलं," असं सेठजी म्हणतात.

याच कॉम्प्युटरवर शरयू काम करते. तिला सरकारी लघुलेखकाची परीक्षा द्यायची होती. जेवणाच्या सुट्टीत सेठजी घरी गेले की ती चार घास खाऊन हेडफोन लावायची आणि धडे ऐकत वहीत भराभर लघुलिपीच्या रेघा ओढायची. पण पहिल्या दिवसापासून आवाज इतका बारीक, की अर्धे शब्द सुटायचे.

तिने सगळं करून पाहिलं. आवाजाची पट्टी शंभरावर नेली. वायर पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात घातली. मला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम नव्याने टाकला. फरक शून्य. तिचे वडील श्रीपती तीस वर्षं सळयांच्या कारखान्यात होते, त्यांचे कान त्यातच गेले. आता आपलेही चालले, असं तिने मनाशी घेतलं.

"मला बराबर ऐकूच येऊन न्हाई राह्यलं, आई," ती फोनवर म्हणाली. "परीक्षेला जाऊन काय करू?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. तिच्या कानांना काहीच झालेलं नव्हतं. पण साऊंड कार्डाला विचारतो कोण?

आवाज येत नाही, परीक्षा देणार नाही, असं शरयूने सांगितल्यावर सेठजींनी दुरुस्तीवाल्या कल्याणला बोलावलं. त्याने झाकण उघडून एक फुंकर मारली आणि निकाल दिला, "कार्ड गेलंय. बदलून टाका." चोर सोडून संन्याशाला फाशी.

"थांबा," शरयू म्हणाली. तिने तोच हेडफोन मोबाईलला लावला, तोच धडा सुरू केला. खणखणीत ऐकू आला.

"कान चांगले हायत माझे," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग कार्डच," कल्याण म्हणाला. "उद्या नवं घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा धडा लावून बसली. तेवढ्यात तीर्थपुरीची लाईट गेली, अर्पितचा कॉल तुटला आणि हेडफोनमधला आवाज एकदम मोठा झाला. थोड्या वेळाने कॉल परत लागला, तसा आवाज परत बसला. शरयूने स्वतःच कॉल कापला. आवाज मोठा. परत लावला. आवाज बारीक. खात्री होईपर्यंत तिने हे तीनदा केलं.

कॉम्प्युटर भारी शिष्टाचार पाळतो. कॉल चालू दिसला की बाकीचे आवाज तो ऐंशी टक्के खाली आणतो. तीर्थपुरीच्या दुकानात नुसता पंखा फिरत होता, पण याच्या लेखी बोलणं चालू होतं. शरयूने आवाजाच्या सेटिंगमध्ये ती जागा शोधून काढली आणि 'काही करू नका' यावर खूण केली. अर्पितचा कॉल चालूच राहिला. मी जीव लावून धडा पोचवला आणि तिने तो शेवटच्या शब्दापर्यंत उतरवून घेतला.

सेठजी जेवून आले.

"सेठजी, गुरुवारी सुट्टी पाहिजे."

"काय काम काढलं, बेटा?"

"परीक्षा हाय."

"तू तर न्हाई देनार म्हणत होती."

"देनार हाय," शरयू म्हणाली आणि कामाला लागली.

कल्याणने आणलेलं नवं कार्ड तसंच परत गेलं. मी अजून या पोटात आहे. मित्रांनो, आवाज बारीक आला तर कोणाचे कान किंवा कोणाचं कार्ड बाद करण्याआधी जरा धीराने तपासा, एवढीच विनंती.

आज गुरुवार आहे. शरयूची खुर्ची रिकामी आहे. तिथे परीक्षेत तिच्या कानापर्यंत जो कोणी आवाज पोचवणार असेल, त्याला माझं सांगणं आहे: बाबा, तू फक्त पूर्ण आवाजात बोल. बाकीचं ती बघून घेईल.